गळ्याची गोळी

डॉक्टरांनी सरळ प्रश्न विचारला होता. "इथे आणण्याआधी यांना काही गोळ्या दिल्या होत्या का? अँटिबायोटिक वगैरे?"

मी म्हणाले, "नाही. फक्त तापाची गोळी."

माझ्या एका बाजूला नवरा उभा होता, दुसऱ्या बाजूला शेजारची काकी, आणि काचेच्या दारापलीकडे सासूबाई, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या. माझी जीभ लहानपणापासून तिखट, घरात कुणालाही विचारा. पण खोटी नव्हती. त्या दिवशी ती इतक्या सहज कशी वळली, याचा विचार करत मी पुढचे दोन दिवस त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढले.

लग्नाआधी मी पनवेलला एका मेडिकलच्या दुकानात काउंटरवर दीड वर्ष होते. माझं वैद्यकीय शिक्षण एवढंच. पण उरणकडच्या आमच्या गावात सून म्हणून आले तेव्हा तेवढंही पुष्कळ ठरलं. गावाची मिठागरं कधीच गेली होती आणि बहुतेक दारांत ट्रेलर उभे होते. पुरुष माणसं कंटेनर घेऊन न्हावा शेवा बंदराच्या रांगेत. रांगेतला नंबर ताप आला म्हणून थांबत नाही. लग्नाला महिनाही झाला नसेल, नवरा सकाळी शिंकत उठला आणि म्हणाला, "नंबर लागलाय. दोन गोल्या दे कायतरी, आडवा पडायला टाइम नाय."

मी दिल्या. तो बरा झाला. सासूबाईंनी "आमचे सुनेला दवाचा समजतं" असं आळीभर केलं आणि मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मीही चढले, वर बसून पाय हलवत राहिले.

माझ्याकडे बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा होता. त्यात गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या. आमच्या आळीत कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. कालवणाची वाटी आली तर परत जाताना तिच्यात दोन सुके बोंबील, मूठभर तांदूळ, काहीच नसेल तर गुळाचा खडा तरी पडतो. गोळ्यांचंही तसंच झालं. ज्याला मी चार दिल्या, तो दोन दिवसांत बरा वाटून उरलेल्या दोन परत आणायचा, वर स्वतःच्या घरात कधीच्या पडून असलेल्या पाच. अन्न टाकायचं नाही, तसं औषधही टाकायचं नाही, ही सगळ्यांची समजूत. डबा सहा वर्षांत कधी रिकामा झाला नाही. मला त्याचा अभिमान होता, हे आता लिहिताना लाज वाटते, पण होता.

फ्लूचा ताप बहुतेकांचा पाच-सहा दिवसांत आपला आपण उतरतो. आमच्याकडे माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्याकडे यायचा, मी गोळी द्यायचे, आणि ताप त्याच्या ठरल्या वेळेला जायचा. नाव माझ्या डब्याचं व्हायचं.

सासूबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून वरात दारात येईपर्यंत प्रत्येक विधीला एक गाणं असतं, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी नंतर. तिने गायल्याशिवाय हळद अंगाला लागत नाही, मुंडावळ्या बांधत नाहीत. आमच्या सासूबाईंना पलीकडच्या चार गावांतून बोलावणं यायचं. सत्तरीला टेकलेली, दीड हाताची बाई, पण गायला लागली की मांडवाबाहेर लावलेला स्पीकर लोक स्वतःहून बंद करायचे. मी माहेरी असली गाणी ऐकली नव्हती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा, सासू म्हणून या बाईची जी धास्ती घेतली होती, ती अर्धी उतरली.

लग्नसराई आणि थंडी सरतानाची फ्लूची साथ, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. दर वर्षी एखाद्या हळदीच्या आदल्या दिवशी त्यांचा घसा धरायचा, आणि ओट्यावरून हाक यायची, "माजा गला बसला गो, गल्याची गोली दे."

गळ्याची गोळी म्हणजे सेफिक्झिम, एक अँटिबायोटिक. काउंटरवर असताना त्या पट्टीवरची लाल रेघ मी रोज बघायचे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पूर्ण घ्यायची, हे मालक आम्हाला शिकवायचे आणि गिऱ्हाइकांची गर्दी झाली की स्वतःच विसरायचे. मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, एक सकाळी, एक संध्याकाळी अशा दोन, फार तर तीन द्यायचे. आवाज लागायचा. गळा सुजलेला असो, नुसता दमलेला असो की फ्लूने धरलेला, गोळी तीच. एका सराईत चार लग्नं असली तर चार वेळा.

त्या फेब्रुवारीत आळीतल्या एका हळदीनंतर अर्धी आळी झोपली. सर्दी, खोकला, अंग ठणकणं. डब्याचं झाकण दिवसभर उघडंच. तिसऱ्या दिवशी आईंना ताप भरला. त्यांची दहा दिवसांत तीन लग्नं ठरली होती.

"परवा हलद हाय," त्या म्हणाल्या. "माजा आवाज नाय लागला तं त्या पोरीचा लगीन कसा व्हईल?"

मी गळ्याची गोळी दिली, या वेळी हळदीपर्यंत रोज दोन. ताप उतरला. त्या हळदीला गायल्या, थोड्या बसक्या आवाजात, पण गायल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "तुजे गोलीनं लाज राखली." दोन दिवस बऱ्या होत्या. मग ताप परत आला, आणि हा ताप वेगळा होता. थंडी वाजून यायचा. खोकल्याबरोबर पिवळा, घट्ट बेडका. जेवणाचं ताट त्या बघायच्या आणि बाजूला सारायच्या.

तिथे मी थांबायला हवं होतं. उतरलेला ताप दोन दिवसांनी फिरून चढतो तेव्हा काहीतरी बिघडलंय, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे माझ्या गोळीने काम केलं नाही असं आळीला सांगायचं. मी डबा उपसला आणि तळातली, मी सहसा कुणाला न दिलेली "जोरदार" पट्टी काढली. लिव्होफ्लॉक्सासिन. कुणी कधी आणून टाकली होती देव जाणे. दोन दिवस ती दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मागच्या दारी मिसरी लावायला बसल्या आणि बसल्याच राहिल्या. मी चहा घेऊन गेले तर ओठ काळपट निळे, आणि छातीचा भाता नुसता चाललेला. "काय होतंय?" विचारलं तर त्यांनी "मना", म्हणजे मला, एवढाच शब्द काढला आणि पुढच्या शब्दासाठी श्वास गोळा करत राहिल्या. शब्द आलाच नाही. गावातल्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला, चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला, आणि एवढंच विचारलं, "गाडी आहे का?"

त्यानंतर तासाभरात मी ते "नाही" म्हणाले.

भेटीची वेळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच. एका वेळी एक माणूस. छातीत न्यूमोनिया झाला होता, दोन्ही बाजूंना. पहिल्याच भेटीत माझी नजर सलाइनला जोडलेल्या छोट्या बाटलीवर गेली आणि मी नाव वाचलं. सेफ्ट्रिॲक्सोन. वाचता येणं हाच माझा मोठेपणा होता ना, मग वाचलं. हे आमच्या गळ्याच्या गोळीचंच भावंड. सहा वर्षं ज्या घराण्याच्या गोळ्या मी त्यांना दोन-दोन, तीन-तीन करून चारल्या, त्याच घराण्यावर आता सगळी भिस्त होती. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

बाहेर आले तर नवरा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "बायकोनं टाइमावर वलखला, म्हनून इथपरत आनली." काकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी बाकावर बसले. आत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. मी स्वतःला म्हणाले, पाच वाजता बोलते. पाच वाजता डॉक्टर दुसऱ्या पेशंटपाशी होत्या. मी स्वतःला म्हणाले, उद्या.

दुसऱ्या दिवशी अकराला ताप तसाच. डॉक्टर, माझ्याहून लहान असेल अशी मुलगी, डोळ्यांखाली काळं झालेलं, म्हणाल्या, "बेडका तपासायला पाठवलाय. कुठला जंतू आहे आणि कशाने मरतो, ते कळायला वेळ लागतो. तोवर हे इंजेक्शन चालू. आधी काही घेतलेलं नाही, त्यामुळे याने फरक पडायला हवा."

आधी काही घेतलेलं नाही. माझंच वाक्य त्यांनी मला परत दिलं. मी मान हलवली. माझ्या पर्समध्ये त्या दोन्ही पट्ट्या होत्या. निघताना घाईत डब्यातून काढून आत कोंबल्या होत्या, कुणाला दाखवण्यासाठी नाही, कुणाला दिसू नयेत म्हणून. दिवसभर पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. काकी म्हणालीसुद्धा, "ठेव ना गो खाली, कोन नेतंय?"

पाच वाजता आत गेले तेव्हा आई डोळे मिटून होत्या. मानेजवळची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. त्यांनी माझा आवाज ओळखला, मास्कच्या आत ओठ हलवले. मी कान जवळ नेला. काही ऐकू आलं नाही. चार गावांना पुरणारा आवाज माझ्या कानापर्यंत पोचत नव्हता.

डॉक्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. "थकल्या आहेत. आज गळ्यातून नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल. घरच्यांची सही लागेल."

"गळ्यातून?"

"हो."

"मग आवाज?"

"आधी श्वास बघू या."

मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो स्वतःचाच होता. मी पर्स उघडली आणि दोन्ही पट्ट्या त्यांच्या हातावर ठेवल्या. "मी खोटं बोलले," मी म्हणाले. "ही आठ दिवसांपूर्वी दिली. ती परवापर्यंत. आणि ही पहिली, दर लग्नसराईत. सहा वर्षं. दोन, तीन, कधी चार. पूर्ण कधीच नाही."

त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पट्ट्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि विचारलं, "काल का नाही सांगितलं?"

मी पर्सची चेन लावली.

"मी कालच इंजेक्शन बदललं असतं," त्या म्हणाल्या, आणि नर्सला हाक मारून वळल्या.

पुढचं त्यांनी मला दारातच, घाईघाईत सांगितलं. फ्लूचा विषाणू वेगळा, या गोळ्या जंतूंच्या, विषाणूला त्या शिवतही नाहीत. पण अंगात राहणाऱ्या साध्या जंतूंना मारतात, आणि अर्धवट घेतल्या की निबर जंतू मागे राहतात, वाढतात. मग एक दिवस फ्लू छाती खिळखिळी करतो आणि त्या निबर जंतूंना मोकळं रान मिळतं. मी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?" त्या म्हणाल्या, "ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. असे जंतू आता कुठूनही येतात, हॉस्पिटलमधूनसुद्धा. पण तुमचा हात नाही असंही मी म्हणणार नाही."

नवऱ्याने सही केली. मी त्याला तिथेच, लिफ्टसमोर सगळं सांगितलं. तो हातातल्या ट्रेलरच्या चावीकडे बघत राहिला. "मना पन तूच देत व्हतीस," एवढंच म्हणाला. लिफ्टचं बटण दाबताना म्हणाला, "आयेला सांगू नको. ती तुना देवासारखी मानते." मग तो खाली जाऊन गाडीत बसला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर धरला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे प्रत्येकापुढे एक अक्षर. आर म्हणजे जंतू दाद देत नाही. मी वरून वाचत आले. अमॉक्सिसिलिन, आर. सेफिक्झिम, आर. सेफ्ट्रिॲक्सोन, आर. सिप्रो, आर. लिव्हो, आर. माझा डबा कुणीतरी ओतून ओळीने मांडावा तसा तो कागद होता. एकेका नावासमोर मला आळीतली माणसं दिसत होती, कुणी कुठली आणून दिली, कुणाला मी कुठली दिली. अगदी खाली दोन नावांपुढे एस होतं, म्हणजे दाद देतो. त्यांतलं एक आदल्या संध्याकाळपासून आईंच्या शिरेत चाललं होतं.

"यानंतर हाताशी फार काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि याने किडनीला त्रास होऊ शकतो. रोज रक्त तपासू."

चार दिवस नळी होती. मी देवाला काही बोलले नाही. कुठल्या तोंडाने मागणार? अकरा आणि पाच, अकरा आणि पाच. बिछान्यावर माणूस दिसलं की पुढच्या वेळेपर्यंतचा श्वास मिळायचा. तिसऱ्या दिवशी ताप पहिल्यांदा खाली आला. पाचव्या दिवशी नळी काढली. आईंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलल्या. सुकं पान पायाखाली यावं, तसा आवाज.

तीन आठवड्यांनी घरी आलो. दुपारी आळीतल्या बायका ओट्यावर जमल्या. कुणी पेज आणली, कुणी शहाळं. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या थांबत थांबत, घोगऱ्या, अर्ध्या आवाजात बोलू लागल्या.

"डाक्टरनी केला ते केला. पन मना तगवली माजे सुनेनं. पयले दिवसापासून गोल्या देत व्हती. तिचे गोल्या पोटात व्हत्या म्हनून मी वाचलू."

बायकांनी माना डोलावल्या. काकी तर म्हणाली, "मना पन दोन देऊन ठेव गो, खोकला जात नाय." नवऱ्याने दारातून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनीच, नको.

गप्प बसणं किती सोपं होतं. एक खोटं तर दोन दिवस पचलं होतं, हे तर मी बोललेही नव्हते. पण काकीचा हात माझ्यासमोर पसरलेला होता, आणि तिच्या घरात सव्वा वर्षाची नात होती.

मी आत जाऊन डबा आणि रिपोर्टची झेरॉक्स घेऊन आले. पट्ट्यांवरची नावं वाचायचे, तसा तो कागद मोठ्याने वाचला. प्रत्येक नावानंतर म्हणाले, ही आता आईंच्या जंतूवर चालत नाही. ती पट्टी डब्यात होती तर काढून दाखवली. मग सांगितलं की आपला फ्लू या गोळ्यांनी कधीच बरा झाला नव्हता, तो आपला आपण जात होता. आणि हेही, की मी डॉक्टरांशी खोटं बोलले आणि त्यात आईंचा एक पूर्ण दिवस गेला, नळीची वेळ आली.

आईंनी विचारलं, "गल्याची कंची?"

मी दाखवली.

"दर लगनात हीच?"

"हीच."

"तुना म्हाईत व्हता?"

"थोडं," मी म्हणाले. "दुकानात ऐकलं होतं. पण तुमचा आवाज लागायचा ना, आई."

त्यांनी हात पुढे केला. मी डबा दिला. त्यांनी झाकण लावलं, तो आपल्या उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. बायका एकेक करून उठल्या. काकी पेजेचं भांडं न्यायलाही थांबली नाही.

पुढचे दोन महिने त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मीठ, पाणी, दिवा. उरलेल्या सराईत बोलावणी आली ती त्यांनी परत पाठवली. एका लग्नाला त्या गेल्या, पाटावर बसल्या, आणि दुसऱ्याच ओळीला दम तुटला. तिथल्या एका बाईने पुढचं गाणं उचललं. आई टाळ्यांचा ताल धरून बसून राहिल्या. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. मला वाटलं, त्यांनी एकदा मागे वळून मला चारचौघांत शिव्या द्याव्यात. त्यांनी दिल्या नाहीत.

मे महिन्यात दाखवायला पनवेलला त्याच हॉस्पिटलात गेलो तेव्हा त्यांच्या काखेत कापडी पिशवी होती. काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "हाय कायतरी." डॉक्टरांनी छाती तपासली, दर वर्षी साथीच्या आधी फ्लूची लस घ्यायला सांगितलं. मग आईंनी पिशवीतून डबा काढून टेबलावर उपडा केला. पट्ट्यांचा ढीग पडला. "यो सगला ठेवून घे बाय," त्या म्हणाल्या. "कचऱ्यात टाकू नको, कुनाचे हाताला लागंल." डॉक्टरांनी एका पिवळ्या पिशवीत सगळं भरून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

संध्याकाळी ओट्यावर नेहमीच्या बायका होत्या. काकीही होती, नातीला घेऊन. आईंनी मागच्या दारी जाऊन डबा घासला, पदराने कोरडा केला आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. मी सवयीने झाकण उघडलं. तांदूळ, गूळ, सुपारीचं खांड, काहीतरी असेल असं वाटलं. काही नव्हतं. आमच्या आळीत कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि ही रीत मला याच बाईने शिकवली होती.

"घे," त्या म्हणाल्या. "रिकामाच ठेव."